आपली आवड दुसऱ्याच्या ग्लासात कशी ओतावी

बसण्याआधी परवाना काढावा. महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो हे बैठकीत सांगितलं की निम्मे हसतात आणि उरलेले सावरून बसतात. पण १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आजीवनच घ्यावा. वाचनालयाचं सदस्यत्वही आपण आजीवनच घेतलेलं असतं, तिथे कोण रोज जातं? वयही तपासावं : बियर आणि वाइनला २१, बाकी सगळ्याला २५. म्हणजे २३ वर्षांच्या भाच्याला नाशिकची शेनिन ब्लाँ चालते, रम चालत नाही. रममध्ये कोला किती घालायचा हे भाचाच तुम्हाला सांगू लागला, तर विषय बदलावा.

मग आवड निवडावी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी बाटली 'माझी खास आवड' म्हणून पुढे करण्यात दम नाही. आवड अशी हवी की समोरच्याने ती चाखलेली नसावी, सहजी मिळू नये आणि तिच्यावर निदान वीस मिनिटं बोलता यावं. या कसोट्यांवर गोव्याचा हुर्राक पहिला येतो. काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस आंबवतात. तो भट्टीवर एकदा चढला की हुर्राक, पुन्हा चढला की फेणी. हुर्राक साधारण १५ टक्क्यांचा, फेणी ४२च्या आसपास. हंगाम उन्हाळ्यापुरता, आणि हुर्राक फार दिवस टिकतही नाही. म्हणून जुलैत पुण्यात बसून त्याचं वर्णन करणं सर्वांत सुरक्षित. कुणी 'आण की मग' म्हणू शकत नाही.

मार्चमध्ये मंडळींना गोव्याला घेऊन गेलातच, तर लांब ग्लास घ्यावा. बर्फ, लिम्का, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि एक हिरवी मिरची, उभी चिरलेली. मिरची पडताच समोरचा 'हे काय?' विचारतोच. उत्तर देऊ नये, नुसतं हसावं. त्याने पहिला घोट घेताना त्याच्या तोंडाकडे पाहू नये. मी पाहिलं होतं. मित्राने आधी वास घेतला, भुवया वर नेल्या आणि विचारलं, "घराला रंग दिलाय का रे यांनी?" पिकल्या बोंडूचा वास आहे तो, शर्टाला लागला तर दोन धुण्यांत जात नाही, असं मी समजावत राहिलो. तिसऱ्या ग्लासाला तो मिरची चघळत होता. नंतर हा शोध त्याचाच असल्याचं त्याने ऑफिसभर सांगितलं. याला प्रसार म्हणतात. मूळ लेखकाचं नाव राहत नाही.

वाइनवाल्याला सांभाळून घ्यावं. तो एकदाच नाशिकच्या द्राक्षमळ्यात जाऊन आलेला असतो, पण तेव्हापासून ग्लास दांड्याला धरतो, फिरवतो आणि त्यात नाक घालून 'पेरू' म्हणतो. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा त्याचा आग्रह. ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत वाइनचा काढा होतो. तो बाथरूमला गेला की बाटली फ्रिजमध्ये सरकवावी.

सिंगल माल्टवाला मात्र बाटली हातातून सोडत नाही. तुमच्या ग्लासात तो झाकणभर ओततो आणि पाणी थेंबानेच घाल म्हणतो. घरी जाण्यापूर्वी बाटली उजेडात धरून पाहतो. लेबलवर पेन्सिलीची बारीक रेघ असते, ती दिसली तरी दिसली नाही म्हणावं.

खारे शेंगदाणे जास्त आणावेत. गाडी चालवणाऱ्याला फक्त शेंगदाणेच द्यावेत.

एवढी तयारी करूनही अपयश येतं. गेल्या वर्षी मी रीतसर परवान्याचा कागद करून काजूची फेणी आणली. मित्राच्या घरी टेबलावर ठेवली. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं इथपासून सुरुवात केली. तोवर कुणीतरी पिशवीतून ओल्ड मंकचा खंबा काढला आणि पाच ग्लास न बोलता त्या दिशेला सरकले. माझा सहावा. फेणीचं सीलही फुटलं नाही.

साडेदहाला आतून काकूंचा आवाज आला, "अरे, ती गोव्याची बाटली आणलीये म्हणे? जरा इकडे दे." काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. मित्राने बाटली नेऊन दिली. थोड्या वेळाने घरभर बोंडूचा वास पसरला. वाइनवाल्याने नाक वर करून 'अननस' म्हटलं.

सकाळी मित्राचा फोन आला. "आईचे गुडघे रात्रभर दुखले नाहीत. विचारतेय, परत कधी जाणार आहेस?"