सहस्रचंद्रदर्शनाचा बंदोबस्त

धर्मशास्त्राने माणसाच्या पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी एकेक शांती नेमून दिली आहे. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री अशा भारदस्त नामावळीत ऐंशी ओलांडणाऱ्याच्या वाट्याला येणारे सहस्रचंद्रदर्शन तेवढे काव्यमय, आणि म्हणूनच उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील चिरंजीव, स्नुषा, जावई आणि नातवंडे यांनी त्यातील काव्याचा चोख बंदोबस्त केला आहे.

पहिला तंटा तारखेचा. आजोबांच्या जन्माची तिथी पंचांगात एक असते आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून असतो, जो गुरुजींनी त्या सालच्या निम्म्या वर्गाला सरसकट बहाल केलेला असतो. उल्हासनगरच्या सिंधी आजोबांचा तर दाखलाच सिंधमध्ये राहिला. कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांची जी वसाहत झाली, तिची कोनशिला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी 8 ऑगस्ट 1949 रोजी बसवली, ही नोंद सरकारदफ्तरी बिनचूक आहे. मात्र त्या शहराहून वयाने वडील असलेल्या या गृहस्थांना स्वतःचे वय अजमासाने सांगावे लागते.

दुसरा तंटा गणिताचा. दोन पौर्णिमांमधील अंतर सरासरी 29.53 दिवसांचे, त्या हिशेबाने हजार पौर्णिमांना सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात. भटजी दोन महिने अलीकडे ओढतात, सूनबाई मुलांच्या परीक्षांकडे बोट दाखवतात, आणि अखेर कार्यालय ज्या रविवारी रिकामे तोच मुहूर्त ठरतो. त्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक निघाला, की मुंबईकडच्या पाहुण्यांच्या विलंबाला शास्त्राधार मिळतो. वस्तुतः हजार चंद्र पाहिले कोणी? वर्षातील चार महिने या बाजूला आभाळ भरलेले, आणि उरलेल्या आठांतील बहुतेक पौर्णिमा नोकरीच्या हयातीत शिवाजी टर्मिनसपासून 68 किलोमीटरवरच्या बदलापुरास परतणाऱ्या लोकलमध्ये, पुढच्या इसमाच्या खांद्याआड, परस्पर मावळल्या. (खिडकी मिळाली असती, तर गोष्ट वेगळी.)

परंतु या सोहळ्याचा खरा आत्मा फलकात आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके 982 च्या शिलालेखात मम्वाणी राजाचे नाव आहे. नाक्यावरच्या फलकावर मात्र सत्कारमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांची नामावळी मोठी, आणि मध्यभागी काळा चष्मा लावून उभा असलेला, नगरपरिषदेच्या तिकिटासाठी उत्सुक असा नातू. महर्षी कर्वे यांची शंभरी झाली तेव्हा, 1958 साली, त्यांच्या हयातीतच सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. आमच्या फलकावरही आजोबांचे चित्र तिकिटाएवढेच असते, त्यामुळे परंपरा खंडित झाली असे कोणास म्हणता येणार नाही.

प्रत्यक्ष समारंभात आजोबांकडे कोणतेही खाते नसते. त्यांस फेटा बांधतात, तराजूच्या एका पारड्यात बसवून दुसऱ्यात गुळाच्या ढेपी रचतात, मग मधुमेहाची आठवण देऊन तो गूळ त्यांच्यापासून दूर नेतात. एक्याऐंशी दिव्यांचे औक्षण होते. अंबरनाथच्या विम्को कारखान्यात काडेपेट्या करण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांनाही त्यातली एक वात लावू देत नाहीत, कारण हात कापतो आणि चित्रीकरण हलते. नंतर जावयांचे मनोगत, नातीचे नृत्य, परदेशस्थ चिरंजिवांचे पडद्यावरून अभीष्टचिंतन. आणि ‘आजोबा, दोन शब्द’ असा पुकारा होतो तेव्हा आजोबा, एक्याऐंशी वर्षांच्या अनुभवाचे सार म्हणून, ‘पानं कधी वाढणार?’ एवढेच विचारतात. सभागृह हसते, वास्तविक तेवढा एकच प्रश्न त्या संध्याकाळी कामाचा असतो.

तेव्हा वाचकांस नम्र विनंती अशी, की आपल्याला अशी पत्रिका आली तर तिच्यावरील सायंकाळी सातची वेळ कुटुंबीयांसाठी सोडून द्यावी आणि आदल्या दिवशी चारच्या सुमारास घरी जाऊन आजोबांना भेटावे. साडेआठला ते झोपतात. कार्यालयात आला नाहीत तरी कोणी विचारणार नाही, फक्त ताटांचा आकडा केटररला आधी कळवावा लागतो, तेवढे सांगून ठेवावे.