हप्तेवाली आणि ऑनसाइटवाला

बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात दोन जातींचे नोकरदार आढळतात: फ्लॅटचे हप्ते फेडणारे आणि परदेशी पोस्टिंगची वाट बघणारे. कीटकांतही हीच विभागणी आहे.

हप्तेवाली म्हणजे पानकापी माशी. ही मधमाशीच, पण एकटी राहणारी. राणी नाही, कामकरी नाहीत, त्यामुळे कामं ढकलायलाही कोणी नाही. आमच्या गुलाबाच्या पानांचे नेमके अर्धगोल तुकडे गायब झाले, तेव्हा बेळगावहून आलेल्या आईने आधी शेजारच्या मुलावर संशय घेतला. मग माशी पानाचा तुकडा घेऊन भिंतीतल्या स्क्रूच्या भोकात शिरताना पकडली गेली. आत ती पानांच्या खोल्या बांधते. प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरसाचा गोळा, त्यावर एक अंडं, वर पानांचं झाकण. आतल्या खोल्यांत मुली, दाराशी मुलगे. मुलगे आधी बाहेर पडतात. या सगळ्यात बाप कुठेच नाही.

"ह्यात नवीन काय?" आई म्हणाली.

ऑनसाइटवाला म्हणजे पिवळट चतुर, पँटाला फ्लेव्हेसेन्स. पाऊस उघडला की कारखान्यांमधल्या मोकळ्या जागांवर ह्यांचे थवे. जेवण उडता उडताच. पुढे वाऱ्याच्या भरवशावर मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिका! चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली हा मार्ग मांडला. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, तेही अनेक पिढ्या मिळून. आमची झेप ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने आर. व्ही. रोडपर्यंत, म्हणजे एकोणीस किलोमीटर.

संसाराच्या बाबतीत मात्र चतुरांचा कारभार उघड्यावरचा. अंडी पावसाच्या डबक्यात. डबकं आटायच्या आत पोरांनी आपलं आपण मोठं व्हायचं. चकचकीत पत्र्यावरून येणारा प्रकाशही मादीला पाण्यासारखा भासतो. त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरींनी धुऊनपुसून ठेवलेल्या गाडीचं बॉनेटसुद्धा तिला बाळंतपणाला चालतं.

आईचं मत अर्थातच माशीला. बायको चतुराच्या बाजूची: "तो डास खातो, आणि परदेशी जाताना बॅग भरायला बायकोला बसवत नाही."

माझं मत कोणी विचारलं नाही. पानकापीच्या घरातही नवऱ्याला कोणी विचारत नाही.