मी, कुलमुखत्यार

दादाने न्यू जर्सीहून कुलमुखत्यारपत्र पाठवल्यापासून मी जरा ताठ चालू लागलो आहे. 'मुखत्यार जे काही करतील ते मी जातीने केले असे समजावे व ते मजवर बंधनकारक राहील.' लहानपणी ज्याने मला बॅटला हात लावू दिला नाही, त्याची ही लेखी शरणागती! हिला मी ती दोनदा वाचून दाखवली. कोथिंबीर निवडता निवडता हिने विचारलं, "म्हणजे भाऊजींच्या फ्लॅटचा गळका नळ आता तुम्ही बघायचा ना?"

मुखत्यार मूळचा अरबी. ज्याला निवडीची मुभा आहे तो, किंवा ज्याची निवड झाली आहे तो. मी पहिला अर्थ धरला, दादाने दुसरा.

पुण्याला हे नवं नाही. या गावाचं वैभवच दुसऱ्याच्या वतीने कारभार करण्यातलं. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपती, मग 'मुख्य प्रधान'. दुसऱ्या बाजीरावालाही वस्त्रं साताऱ्याचीच लागली. 1792 साली तर कहर झाला. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हा किताब पुण्यात घेऊन आले. मुतलक म्हणजे निरंकुश. आता बघा: बादशहा आंधळा आणि शिंद्यांच्या फौजेच्या भरवशावर. त्याचे निरंकुश मुखत्यार सवाई माधवराव अठरा वर्षांचे, कारभार नाना फडणिसांकडे. किताब घ्यायला परवानगी छत्रपतींची, आणि छत्रपती साताऱ्यात जवळपास कैदेत. ज्यांच्या हाती खरंच फौज होती, ते महादजी या सगळ्यात नायब, आणि स्वतःला म्हणवून घ्यायचे पाटील! वानवडीच्या छत्रीत गेलं की मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटते. बरोबरीच्या माणसाबद्दल वाटते तशी.

माझ्याकडे फौज नाही, एक रंगारी आहे. त्याला मी बेधडक 'मोतिया' सांगितला. रात्री दादाचा व्हिडिओ कॉल: "भिंतीजवळ जा. हात हलवू नकोस. हा पिवळट आहे." मी तणतणत कागद काढला, कलम दाखवायला. नजर सहीवर गेली. दादाची सही पूर्वी कशी फर्राटेदार असायची! ही ओळ सोडून खाली घसरलेली, शेवटचं अक्षर कापरं. पत्र देणारा गेला की मुखत्यारीही संपते, हे वकिलांनी शिक्के तपासता तपासता सांगून टाकलं होतं. मी कलम दाखवलं नाही. पिवळट तर पिवळट, बदलू म्हटलं.

तेव्हा कोथरूडचा तो फ्लॅट कुणाला भाड्याने हवा असेल तर कृपया मला विचारू नका. दादाला विचारा. आपल्या संध्याकाळी पाचनंतर तो उठलेला असतो.