पाऊण माणूस

मनुष्यबळ खात्यात वर चढायचं तर आधी प्रमाणपत्र हवं. मिळालं की टिकवायलाही हवं. अमेरिकेतल्या एसएचआरएम या संस्थेचं प्रमाणपत्र दर ३ वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. त्यासाठी ६० गुण जमवा, नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा. गुण मिळतात वेबिनार ऐकून, परिषदांना हजर राहून. साधारण तासाला एक. त्यामुळे हिंजवडीतल्या एखाद्या केबिनमध्ये एचआरचे साहेब कानाला हेडफोन लावून 'सहानुभूतीतून नेतृत्व' ऐकत असतात आणि दाराबाहेर कापलेल्या रजेची दाद मागायला आलेला पोरगा ताटकळत असतो. त्याला आत बोलावलं तर गुण मिळत नाहीत. साहेबांनी तरी काय करावं?

या पेशाला पूर्वी कायद्यानंच दर्जा बांधून दिला होता. १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम ४९ सांगायचं की ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असले की कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, आणि त्याचं शिक्षण काय, कामं कोणती, हे सरकार ठरवेल. तो बिचारा कॅन्टीनची डाळ चाखायचा, युनियनच्या शिव्या खायचा, मालकाच्याही खायचा. 'एम्प्लॉयी एक्सपीरियन्स' कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. मागासच म्हणायचा!

१८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या सुट्टीचं काय करायचं, हा प्रश्न आता एचआरनं सोडवला आहे: रविवारी सकाळी ६ वाजता 'फन वॉकेथॉन'. येणं ऐच्छिक. न आलेल्यांची यादी मात्र सोमवारी वर जाते.

खरी विद्वत्ता दिसते ती अप्रेजलला. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी माणसं २०-७०-१० अशी विभागली आणि तळाच्या १० टक्क्यांना दरवर्षी दार दाखवलं. हे सूत्र आमच्याकडे ७ जणांच्या टीमला लावतात. सातांचे १० टक्के म्हणजे पाऊण माणूससुद्धा भरत नाही. पण पाऊण माणूस काढता येत नाही, म्हणून अख्खा काढतात. बहुधा तोच, जो मार्चमध्ये बाळंतपणाच्या रजेवर होता. म्हणजे होती.

राजीनामा दिलात तर तुमची गाठ 'फुल अँड फायनल'शी. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम १७ म्हणतं, नोकरी सोडणाऱ्याचं देय वेतन कामाच्या २ दिवसांत द्या. आणि एचआर म्हणतं, '४५ दिवस लागतील, सिस्टीमच तशी आहे.' लॅपटॉप परत घ्यायला मात्र तीच सिस्टीम संध्याकाळी साडेपाचला टेबलापाशी येऊन उभी राहते.

मधल्या काळात एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म येतो. 'आमच्याकडे पुन्हा काम करायला आवडेल का?' फॉर्म भरल्याशिवाय हिशेब पुढे सरकत नाही, आणि पैसे हातात पडायचे असताना 'नाही' लिहिण्याइतकं वेडं कोण असतं? सगळे 'हो' लिहितात. वार्षिक अहवालात तोच आकडा छापला जातो: सोडून गेलेले कर्मचारी, शंभर टक्के समाधानी. कामावर असलेल्यांची टक्केवारी अजून जुळवणं चालू आहे.