ब्रेककाका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सायकलवाले पुष्कळ. कुणाला गिअरचं वेड, कुणाला हलक्या फ्रेमचं, कुणाला नुसत्याच घट्ट कपड्यांचं. ब्रेककाकांना यातल्या कशातही रस नाही. सायकल म्हणजे ब्रेक अडकवायला लागणारी चौकट, अशी त्यांची साधी समजूत आहे. काका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर लोकांची बिलं अडवली, आता चाकं अडवतात.

पार्किंगमध्ये नवी माउंटन बाइक आली की बाकीचे रंग बघतात, किंमत विचारतात. काका गुडघे मोडून खाली बसतात आणि चाकाच्या मध्यात डोकावून "हं" म्हणतात. केबलवर चालणारी डिस्क असेल तर हा हुंकार लांब निघतो, हायड्रॉलिक असेल तर आखूड. कॅलिपरमध्ये चार पिस्टन निघाले, तरच काका मान वर करून मालकाचा चेहरा बघतात.

"काका, टेकडीवर चालवायला घेतोय. सस्पेन्शन काय भारी आहे बघा," तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा परवा म्हणाला.

"वजन किती?"

"चौदा किलो."

"सायकलचं नाही रे बाळा, तुझं."

"ब्याऐंशी."

"मग पुढे १८०चा रोटर घे. १६०चा वेताळ टेकडीला चालेल, सिंहगडावरून उतरताना तापेल. पण तुझ्या फोर्कला केवढा चालतो ते आधी विचार. उगाच हौसेनं २०३चा लावशील."

रोटरचं, म्हणजे ब्रेकच्या चकतीचं माप माणसाच्या वजनावरही ठरतं, हे शास्त्र खरं आहे. पण काका भेटेल त्याला वजन विचारतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लेकाची सायकल दाखवायला आणली होती, तेव्हापासून त्या काकांशी बोलत नाहीत.

तेलाच्या बाबतीत तर काकांचं सोवळं फार कडक. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवाले, होप आणि स्रॅमचे बरेचसे ब्रेक डॉट नावाच्या ब्रेक फ्लुइडवाले. एकात दुसऱ्याचं तेल गेलं की आतली रबरी सीलं खराब होतात. काकांच्या भाषेत ब्रेक बाटतो. मग त्याला प्रायश्चित्त नाही. डॉट हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर लिव्हर थेट हँडलला टेकते. मिनरल ऑइल ओल शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी तळाला, म्हणजे नेमकं तापणाऱ्या कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. "म्हणजे दोन्हीकडून मरण?" असं कुणी विचारलं की काकांचा चेहरा उजळतो. "म्हणून तर ब्लीड करायचं!"

दसऱ्याला लोक वाहनांना हार घालतात, काका त्या दिवशी इंजेक्शनच्या सिरिंज आणि पारदर्शक नळ्या मांडून सायकली ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकमधलं जुनं तेल काढून नवं भरायला बसतात. एका वर्षी काकूंनी पूजा करताना चकचकीत दिसली म्हणून डिस्कवरच हळदकुंकू वाहिलं, वर निरांजनाच्या तेलाचं बोट पुसलं. काकांनी तोंडातून शब्द काढला नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तीनदा पुसला, पॅड उतरवून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि नवे बसवून मगच आपट्याची पानं घेतली. तेल प्यायलेलं पॅड पॉलिश पेपरनं घासून सुधारत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. डिस्क कुंईकुंई करते म्हणून एकानं तिला खोबरेल लावलं होतं. त्या गृहस्थांचं नाव काका अजूनही खालच्या आवाजात घेतात.

त्यांच्या खिशात कायम व्हर्नियर असतो. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड, १.५ला आला की निवृत्त. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की तोही. पावसाळ्यातल्या चिखलात रेझिनचे पॅड भराभर झिजतात म्हणून काका जूनमध्ये धातूचे पॅड सुचवतात. ते टिकतात, पण ओरडतात. शिवाय काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, ते काका भिंगातून मोठ्यानं वाचून दाखवतात.

नवे पॅड बसवले की ते आधी मुरवावे लागतात. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायच्या आत सोडायचा, असं वीसेक वेळा. म्हणजे पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो आणि ब्रेक नीट धरतो. सोसायटीमागच्या गल्लीत काका हा विधी करतात, तेव्हा नव्यानं राहायला आलेली माणसं गॅलरीतून काळजीनं बघतात.

काकांचं आवडतं पुराण १९७६चं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही उचापती पोरं जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून डोंगर उतरायच्या शर्यती लावत. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं मारलं की लागणारा. एका उतारात हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. त्या उताराचं नावच पडलं रीपॅक. "माउंटन बाइक जन्मली तीच ब्रेक जाळत!" हे सांगताना काकांचे डोळे पाणावतात. एकदा कुणीतरी म्हणालं, "ब्रेक थांबायला नसतो काका, बिनधास्त वेगानं जायला असतो." काका म्हणाले, "थांबायलाच असतो. बाकीचं जाहिरातवाल्यांना सांगू दे."

अलीकडे काकांची नजर वॉचमनच्या सायकलीवर गेली. जुनी, काळी, सळ्यांच्या ब्रेकची, आणि ब्रेकचे रबर कधीच झिजून गेलेले. वॉचमन उतारावर पाय पुढे करून टायरवर चप्पल दाबतो. काकांनी स्वतःच्या पैशानं रबर आणून बसवले, सळ्या जुळवल्या, तेही फुकट. वॉचमननं हात जोडले, सायकल काढली, आणि फाटकाशी सवयीनं पुन्हा चप्पलच दाबली.

काका त्याच्यापाशी गेले, उकिडवे बसले. आम्हाला वाटलं, आता बोलणार. त्यांनी चप्पल काढून मागितली, टाचेला व्हर्नियर लावला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी नवा जोड आणून त्याच्या हातात ठेवला.

"लगेच उतारावर जाऊ नका," ते म्हणाले, "आधी मागच्या गल्लीत वीसेक वेळा मुरवून घ्या."