टोल आणि बारीक अक्षर

कोल्हापूरकराला फसवणं सोपं नाही. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेतल्याशिवाय तो दुधाचा पेला तोंडाला लावत नाही. मात्र याच शहराच्या रस्त्यांचा करार झाला, तेव्हा धार कोण काढतंय आणि कुणाची, हे बघायला कुणी थांबलं नाही. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात ठरलं ते असं : साधारण २२० कोटींचे, पन्नासेक किलोमीटर रस्ते आणि त्याबदल्यात ३० वर्षं टोल. तोही गावातल्या गावात!

लोकांना करार कळला तो टोलनाका दिसल्यावर. मग एन. डी. पाटील, गोविंद पानसरे हे डावे नेते रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. सहीआधी तासभर कागद वाचला असता, तर काही वर्षांचं आंदोलन वाचलं असतं. पण ‘मोघम बघितलंय, करा सही’ हीच आपली कायदेशीर छाननी.

डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. गुलाल उधळला, साखर वाटली. कंपनीची शेकडो कोटींची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे टोल न भरणाऱ्यांच्याच खिशातून गेली.