आराखडेकर

दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळं आहे. पण कोथरूडच्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना आराखडेकर म्हणतात आणि हल्ली कुरिअरवालाही म्हणायला लागला आहे. गृहस्थ भाषांतरकार. इंग्रजीतून मराठी. धुलाईयंत्राची माहितीपत्रकं, औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं, विम्याचे कागद, जे येईल ते. कचेरीतली नोकरी सोडून घरी बसले आणि त्या दिवसापासून स्वतःचे साहेबही झाले आणि स्वतःचे कारकूनही. घोटाळा इथेच आहे. यातला साहेब भलताच उत्साही आहे. त्याला रोज सकाळी मीटिंग घ्यायची असते. आणि साहेब मीटिंगमध्ये गुंतला की कारकुनाला बरंच वाटतं, ही गोष्ट कुठल्याही कचेरीत खरी आहे.

त्यांना आळशी म्हणाल तर चुकाल. आळशी माणूस मी पाहताक्षणी ओळखतो. आमच्या घराण्यात तशी परंपरा आहे. आळशी माणूस दुपारी एक ते चार झोपतो आणि पुण्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही. आराखडेकर दुपारचे झोपत नाहीत. वेळापत्रकात ‘वामकुक्षी, २० मिनिटे’ अशी रीतसर सोय आहे, पण ती जेवणानंतर लगेच घ्यावी की अर्ध्या तासानं, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. पहाटे साडेपाचला त्यांच्याकडे दिवा लागतो. खालच्या मजल्यावर मला टेबल सरकवल्याचा आवाज येतो. उजेड डावीकडून यावा असं कुठंतरी वाचलं की टेबल पूर्वेच्या भिंतीला जातं. पाठीशी भिंत असावी असं वाचलं की परत येतं. साडेनऊपर्यंत दिवसाचा आराखडा तयार होतो. तोवर दिवसाचा बराचसा भाग वापरून झालेला असल्यामुळे मग सुधारित आराखडा.

सामान्य माणूस वर्षातून एकदा, १ जानेवारीला सुधारतो. एवढ्यानं आराखडेकरांचं भागत नाही. जानेवारीची डायरी फेब्रुवारीत मिटते आणि ते गुढीपाडव्याकडे डोळे लावून बसतात. पाडवा पाहुण्यांत गेला तर १ एप्रिल आहेच. नवं आर्थिक वर्ष, नव्या फायली. तेही हुकलं तर अक्षय्य तृतीया. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो तेव्हा लोक कांदा-लसूण सोडतात, हे सकाळी अकराच्या आत मोबाइल सोडतात. नेम कार्तिकीपर्यंत चालायचा असतो, पण श्रावणातच एका सकाळी ‘फक्त पाऊस आहे का बघतो’ म्हणून मोबाइल उघडला जातो. पाऊस खिडकीतून दिसत असतो. मग दसरा, मग बलिप्रतिपदा. पंचांग न उघडता कामाला सुरुवात करता यावी म्हणून आपल्याकडे साडेतीन मुहूर्त ठेवले आहेत, आणि सुरुवात करण्याच्या बाबतीत आराखडेकरांनी एकही मुहूर्त वाया घालवलेला नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाची वही पुजतात. यांच्या पाटावर कोऱ्या वह्यांची चळत असते. लक्ष्मी दारातून गोंधळून परत गेली, तर तिचा दोष नाही.

या वह्या येतात अप्पा बळवंत चौकातून. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा तिथं पालकांची झुंबड उडते आणि त्या झुंबडीत, शाळेत जाणारं मूल घरात नसताना, आराखडेकर असतात. दुकानदारानं एकदा सवयीनं विचारलं, “कितवीत आहे?” हे म्हणाले, “मीच आहे.” दुकानदारानं आणखी चौकशी न करता दहा टक्के सूट दिली.

तंत्रं त्यांना सगळी ठाऊक आहेत. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात चित्त लागेना, म्हणून तो स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून बसला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. जगभर ही पद्धत पसरली ती पसरली, आमच्या सोसायटीतही आली. आराखडेकरांनी तसंच टोमॅटो मागवलं. पहिल्याच दिवशी ते वाजलं आणि आतून वहिनींनी सवयीनं गॅस बंद केला. डाळ कच्ची राहिली. दुसऱ्या दिवशी उलटं झालं; कुकरची शिट्टी झाली आणि आराखडेकर विश्रांतीला उठले. कुकरला तीन शिट्ट्या लागतात, त्यामुळे विश्रांतीही तीनदा झाली.

डेव्हिड ॲलन या अमेरिकन गृहस्थाचं २००१ साली आलेलं पुस्तक त्यांनी रेघोट्या मारून वाचलं आहे. त्यात एक नियम आहे: जे काम दोन मिनिटांच्या आत होईल, ते यादीत लिहीत बसू नका, तिथल्या तिथं उरका. नियम उत्तम आहे. अडचण इतकीच की दोन मिनिटांची कामं या जगात संपत नाहीत. पेन्सिलीला टोक काढणं, चष्मा पुसणं, मावसभावाच्या मेव्हण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुंडीला पाणी, पंख्याचा वेग एकनं कमी, मग एकनं जास्त. दिवसभर उसंत नसते. संध्याकाळी दमून जातात, आणि खरोखर दमलेले असतात. ६००० शब्दांचं माहितीपत्रक काही दोन मिनिटांत होत नाही. ते नियमाप्रमाणे यादीत जातं आणि यादीतच नांदतं.

आयसेनहॉवर या अमेरिकी अध्यक्षांच्या नावानं ओळखली जाणारी चौकोनांची पद्धतही भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर होती. तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही, दोन्ही नाही, असे चार चौकोन. तातडीच्या आणि महत्त्वाच्या चौकोनात वहिनींनी एक दिवस ‘गॅसचा नंबर लावणे’ असं लिहिलं. आराखडेकरांनी साधकबाधक विचार करून ते काम नुसत्या तातडीच्या, म्हणजे ‘दुसऱ्याकडे सोपवण्याजोगे’ या चौकोनात हलवलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या आठवड्यात दोन रात्री वडापाव झाला.

पहाटे साडेपाचची वेळ मात्र उसनी आहे, ती ट्रोलपची. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवायचा आणि पाव तासाला २५० शब्द या दरानं लिहायचा. आराखडेकर हे सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा उजळतो. पण ट्रोलपनं आत्मचरित्रात आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती ते सांगत नाहीत. रोज पहाटे उठवून कॉफी आणून द्यावी म्हणून त्यानं म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा लावले होते. एवढा शिस्तीचा माणूस, पण स्वतःला उठवण्याचं काम त्यानं स्वतःवर सोपवलं नाही.

आराखडेकरांच्या घरी हे पाच पौंडांचं पद रिक्त आहे. त्यामुळे प्रशासनाचा सगळा भार साहेबावर पडतो. वर्षाच्या आठ किरकोळ रजा त्यांनी स्वतःला मंजूर केल्या आहेत. अर्ज मात्र लेखी लागतो. एकदा काम तीन दिवस पुढं सरकलं नाही म्हणून त्यांनी स्वतःला ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली. कारकुनानं मुदतीत सविस्तर खुलासा सादर केला. खुलासा समाधानकारक आढळल्यामुळे प्रकरण दप्तरी दाखल झालं. या पत्रव्यवहारात चौथा दिवस गेला. खुलासा मी वाचला आहे. भाषा इतकी नेटकी की असंच मराठी तो माहितीपत्रकात लिहिता तर चार दिवसांपूर्वी सुटला असता.

सगळं खापर त्यांच्यावर फोडणंही बरोबर नाही. घरी बसून काम करणारा पुरुष म्हणजे घरी बसलेला पुरुष, अशी आमच्या सोसायटीची ठाम समजूत आहे. चार मजल्यांची पार्सलं त्यांच्याकडे. दोन ब्लॉकच्या किल्ल्या त्यांच्याकडे. प्लंबर आला की वॉचमन खालून ओरडतो, “आराखडेकर साहेब घरीच असतात!” बँकेतून लवकर सुटलेले शेजारी वर्तमानपत्र घेऊन येतात आणि “तुम्हाला काय, मजा आहे,” म्हणत तास काढतात. वहिनी शाळेत शिकवतात. त्या सकाळी साडेसहाला घराबाहेर पडतात तेव्हा त्यांना कोणी विरजण आणायला सांगत नाही. जावयाच्या घरची माणसं दर दिवाळीला आस्थेनं विचारतात, “सध्या काय करता?” आराखडेकरांनी एकदा दारावर ‘कामात आहे, कृपया बेल वाजवू नये’ अशी पाटी लावली. लोक बेल न वाजवता दार ठोठावायला लागले. काय काम आहे, हे विचारायला.

मग सहा महिन्यांसाठी त्यांनी बाणेरला भाड्याचं टेबल घेतलं. तिथं शांतता होती, वातानुकूलन होतं, कॉफी फुकट होती. महिनाभरात ते तिथल्या पोरांना कामाचं नियोजन शिकवायला लागले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी दोन तास टिकते. वीज गेली की वायफाय जातं, पंखा थांबतो, लिफ्ट बंद म्हणून पार्सल येत नाही. बॅटरीचा आकडा खाली येताना दिसतो आणि त्या दोन तासांत आराखडेकर हजार शब्द उतरवतात. या धंद्यात दिवसभराची चाल दोन-अडीच हजार शब्दांची धरतात. म्हणजे गुरुवारचे आराखडेकर भल्याभल्यांना मागे टाकतील. ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली. त्यांनी आलेख काढला, निष्कर्ष लिहिला आणि रोज दहाला मेन स्विच स्वतःच बंद करायचा असं ठरवलं. सोमवारी केला. साडेदहाला स्वतःच चालू केला. मेन स्विच त्यांच्या हाताला येतो, हीच त्या योजनेतली त्रुटी.

मध्यंतरी जिन्यात भेटले. काम कसं चाललंय, एवढंच मी विचारलं. तर त्यांनी मला पार्किन्सनचा नियम समजावून सांगितला. पार्किन्सन या इंग्रज इतिहासकारानं १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलं होतं की कामाला जितका वेळ द्यावा तितकं ते फुगत जातं. नियम एका वाक्याचा आहे. आम्ही जिन्यात पाऊण तास होतो.

आता मुदतीच्या रात्रीबद्दल. सोमवारी सकाळी दहाला ६००० शब्द द्यायचे आहेत, काम येऊन दहा दिवस झालेत आणि शनिवारची संध्याकाळ आहे, असं धरा. सातच्या सुमारास वरून टेबल सरकवल्याचा आवाज बंद होतो. फळा पुसला जात नाही, टोमॅटोला चावी दिली जात नाही. मोबाइल तांदळाच्या डब्यात जातो. वहिनी माहेरी फोन करायला गच्चीवर जातात. त्या दोन रात्री आणि मधल्या रविवारी आराखडेकर जे काम करतात ते पाहण्यासारखं असतं. पाठ ताठ, ओठ हलताहेत, प्रत्येक वाक्य आधी स्वतःला ऐकवून मग टंकलं जातंय. सोमवारी नऊ पंचावन्नला फाइल जाते, आणि त्यांचं माहितीपत्रक वाचून यंत्र खरोखर चालवता येतं. मराठीत हे दुर्मिळ आहे. माझ्या घरच्या मिक्सरचं माहितीपत्रक वाचून मी अजून झाकण बसवू शकलेलो नाही.

म्हणून लोक त्यांच्याकडे परत येतात. बिल मागून मागून घेतात, कारण बिल पाठवणं हे काम आराखडेकरांच्या दृष्टीनं महत्त्वाचं पण तातडीचं नाही. शेवटी बिल जातं, दहा टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे दोन महिन्यांनी येतात, आणि पैसे उशिरा येतात म्हणून वसुलीचा एक नवा तक्ता आखला जातो.

फाइल गेल्यावर सोमवारी आराखडेकर काम करत नाहीत. रविवारी काम केल्याबद्दल नियमाप्रमाणे बदली रजा मिळते. मंगळवारी गेल्या आठवड्याचा आढावा. बुधवारी आढाव्याच्या अनुषंगानं नवा आराखडा. पुढचं काम एव्हाना येऊन पडलेलं असतं, पण गुरुवार हाताशी आहे म्हणून कोणी घाई करत नाही. आणि या गुरुवारी नेमकी वीज जात नाही.

कुणाकडे इंग्रजीतून मराठीत करून घेण्याजोगं चांगलं काम असेल तर त्यांच्याकडे अवश्य द्या. माणूस दरात घासाघीस करत नाही आणि शब्द पडू देत नाही. फक्त मुदत खरी सांगू नका. चार दिवस अलीकडची सांगा, रोज सकाळी दहाला फोन करा, आणि फोन त्यांच्या नंबरवर नको, आमच्याकडे करा. मी वर जाऊन दार ठोठावीन.